सापडलं, आता सांगायचं कुणाला?



स्मृती व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, समाजकारण अशा विषयांवर बोलण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. आजचा विषय पत्रिकेत वाचून काहींना वाटलं असेल, हे तर पोलीस ठाण्याच्या सूचनाफलकाचं काम, त्याला व्यासपीठ कशाला? घरात, परसात, शेताच्या बांधावर जुना तोफगोळा, हातबॉम्ब, सुरुंग असलं काही सापडलं तर काय करायचं, या प्रश्नाचं उत्तर दोन छोट्या वाक्यांत संपतं. हात लावू नका. ताबडतोब कळवा. झालं, संपलं व्याख्यान! पण मग एक प्रश्न उरतो. दोनच वाक्यं, तीही इतकी सोपी, तरी जगभर माणसं नेमकी त्यांच्या उलट का वागतात? गोळा घरी का नेतात? घासूनपुसून शोकेसमध्ये का मांडतात? भंगारात का विकतात, विहिरीत का लोटतात, आणि बहुतेक वेळा काहीच न करता गप्प का बसतात? माझं म्हणणं असं आहे की पहिलं वाक्य पाळलं जाणं समजुतीवर अवलंबून आहे, पण दुसरं वाक्य पाळलं जाणं हे कळवणाऱ्याला कळवण्याची काय किंमत मोजावी लागते, यावर अवलंबून आहे. समजूत वाढवायला आपण थोडीफार सुरुवात केली आहे. किमतीचा हिशोब मात्र कुणी मांडलेला नाही. तो आज मांडू. त्यासाठी क्रमाने तीन गोष्टींबद्दल बोलायचं आहे: आधी वस्तूबद्दल, मग हाताबद्दल आणि शेवटी जिभेबद्दल.

त्याआधी एक शंका दूर करतो. हा विषय जर्मनीचा, बेल्जियमचा, फार तर कोहिमा-इम्फाळचा; महाराष्ट्राच्या भूमीवर कुठे महायुद्ध झालं? खरं आहे, झालं नाही. पण युद्धाला लागणारं सामान इथेच तयार होतं, इथेच साठवलं जातं आणि ते चालवायला शिकवलंही इथेच जातं. खडकी, देहू रोड, वरणगाव, भंडारा, भद्रावती इथे दारूगोळ्याचे आणि स्फोटकांचे कारखाने आहेत. पुलगावला लष्कराचं प्रचंड दारूगोळा भांडार आहे. देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण चालतं, नगरजवळ खारे कर्जुन्याच्या माळावर रणगाड्यांचा सराव होतो. आणि माणसं? सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या जिल्ह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या पोरं फौजेत गेली. साताऱ्याजवळच्या एका गावाचं नावच मुळी 'आपशिंगे मिलिटरी' पडलं. मेसोपोटेमियापासून इटलीपर्यंत जाऊन आलेल्या त्या माणसांच्या ट्रंका अजून कित्येक घरांच्या माळ्यावर आहेत. कसर लागलेला लोकरी कोट, बिल्ले, पत्रं, फुलदाणी म्हणून वापरलेलं गोळ्याचं पितळी कवच, आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेला एखादा लोखंडी गड्डा. बहुतेक ट्रंकांत असं काही नसतं. काहींत असतं. वाडा पुनर्विकासाला जातो, नातवंडं माळा रिकामा करायला चढतात, आणि तो गड्डा पहिल्यांदा उजेडात येतो.

आता पहिला मुद्दा, वस्तूचा. आपल्या भाषेत 'जुनं' आणि 'निरुपयोगी' हे शब्द शेजारी राहतात. जुनी बॅटरी उतरते, जुनं औषध बाद होतं, जुनं घड्याळ बंद पडतं. तोच नियम आपण नकळत गोळ्याला लावतो. तो लागू पडत नाही, याचा पुरावा खुद्द मुंबईने दिला आहे. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज उभं होतं. त्याच्या पोटात कापसाच्या गाठी होत्या, सोन्याच्या विटा होत्या आणि सुमारे 1,400 टन स्फोटकं व दारूगोळा होता. आग लागली, दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसं मेली. आग विझवताना 66 अग्निशामक गेले. आपला अग्निशमन सेवा सप्ताह दर वर्षी 14 एप्रिलला सुरू होतो तो त्यांच्या स्मरणार्थ. विटांचं पुढे काय झालं? गोदीचा गाळ उपसताना त्या अधूनमधून सापडत राहिल्या, अगदी 2011 पर्यंत. आणि त्याच 2011 मध्ये गोदीतून आणखी एक वस्तू वर आली: 45 किलोंचा जिवंत गोळा. तोच गाळ, तेच खारं पाणी, तीच 67 वर्षं. सोनं गंजत नाही हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून वीट सापडल्याचं नवल वाटत नाही. मग गोळा जिवंत सापडल्याचं नवल का वाटावं?

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. गंजतं ते कवच. आतला टीएनटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि बंद जागेत दशकानुदशकं तसाच राहतो. काळी दारू भिजली तर मरते, पण जाड लोखंडाच्या गोळ्यात बूच घट्ट बसलेलं असेल तर ती भिजणार कशी? इथे आपल्या गडकोटप्रेमींसाठी दोन शब्द. जुने तोफगोळे सगळे सारखे नसत. एक भरीव गोळा, नुसता धातूचा किंवा दगडाचा. दुसरा कुलपी गोळा, आतून पोकळ आणि दारूने भरलेला. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांनी रायगडावर मारा केला तो उखळी तोफांनी, आणि उखळी तोफेचं मुख्य खाद्य म्हणजे हे पोकळ गोळे. मातीने आणि गंजाने माखलेला गोळा भरीव की कुलपी, हे ट्रेकच्या उत्साहात कोण सांगणार? अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात 2008 साली एक अनुभवी संग्राहक स्वतःच्या घरी त्यांच्या यादवी युद्धातला नौदलाचा गोळा साफ करत होता. गोळा जवळपास दीडशे वर्षांचा होता. तो फुटला आणि माणूस जागीच गेला. त्या गृहस्थांनी त्याआधी असे शेकडो गोळे हाताळले होते. अनुभव कमी पडला असं कोण म्हणेल?

बरं, गोळा नुसता टिकतो असंही नाही. काही बाबतींत तो म्हातारपणी अधिक चिडका होतो. जुन्या गोळ्यांत पिक्रिक आम्ल भरत. त्याचा धातूशी संयोग होऊन जे क्षार बनतात ते मूळ पदार्थापेक्षा कितीतरी नाजूक असतात. पेटवणीत, म्हणजे गोळ्याचा स्फोट सुरू करणाऱ्या भागात, लेड अझाइड असेल आणि दमट हवेत त्याची तांब्याशी गाठ पडली, तर तयार होणारं कॉपर अझाइड नुसत्या घर्षणानेही भडकू शकतं. नॉर्वेच्या संरक्षण-संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अलीकडे दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बमधलं अमाटॉल हे स्फोटक तपासलं, तेव्हा काही नमुने अपेक्षेपेक्षा कमी धक्क्याने स्फोट पावणारे निघाले. बाल्टिक किनाऱ्यावर उसेडोम नावाचं बेट आहे. 1943 च्या हवाई हल्ल्यात तिथे समुद्रात पडलेल्या आगलाव्या बॉम्बमधला पांढरा फॉस्फरस आजही वाळूत येतो आणि हुबेहूब अंबरच्या खड्यासारखा दिसतो. फिरायला आलेला माणूस खडा उचलतो, खिशात टाकतो. खडा वाळतो, आणि खिशातच पेट घेतो. ऐंशी वर्षं पाण्यात राहून त्याचा गुण गेलेला नसतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो साधा सरळ आहे. "अहो, चाळीस वर्षं शोकेसमध्ये आहे. मुलं त्याच्याशी खेळली. काही झालं नाही." त्याला माझं उत्तर असं की आजवर मेलो नाही, हा माणूस अमर असल्याचा पुरावा होत नाही. वेल्समधल्या मिलफर्ड हेवनमध्ये एका घराच्या बागेत एक जुना नौदलाचा गोळा पिढ्यान्‌पिढ्या शोभेला ठेवलेला होता. बाग झाडताना घरची बाई त्याच्यावर खुरपं आपटून माती झटकत असे. 2023 मध्ये गस्तीवरच्या पोलिसाचं लक्ष गेलं, लष्कराचं पथक आलं, आणि गोळा निघाला एकोणिसाव्या शतकातला, अल्प प्रमाणात का होईना, जिवंत. त्या बाईंचं काही बिघडलं नाही. पण म्हणून खुरपं आपटणं शहाणपणाचं होतं का? तेव्हा पहिल्या मुद्द्याचं सार एवढंच: वय बघून धोका ठरवता येत नाही.

दुसरा मुद्दा हाताचा. सापडलेली वस्तू कुठल्या अवस्थेतली आहे हे पाहून ओळखता येत नाही, आणि या विषयातली खरी गोम हीच आहे. न डागलेल्या गोळ्याच्या पेटवणीत सहसा अशी योजना असते की तोफेतून सुटतानाचा हिसका आणि हवेतली फिरकी मिळाल्याशिवाय ती जागी होत नाही. डागून न फुटलेल्या गोळ्याला हिसकाही मिळालेला असतो, फिरकीही मिळालेली असते. त्याचं सगळं काम झालेलं असतं, फक्त शेवटची ठिणगी अडकलेली असते. कशाने अडकली? एखादी स्प्रिंग, एखादा गंजलेला खिळा. किती धक्का दिला तर सुटेल? हे त्या गोळ्यालाच माहीत. आणि हे दोन गोळे, एक झोपलेला आणि एक डोळे मिटून पडलेला, गंज चढल्यावर एकसारखे दिसतात. रंग उडतो, त्यावरचे आकडे-अक्षरं जातात. सरावासाठी वापरतात तो पोकळ नमुना आणि खरा गोळा यांतला फरकही पुसला जातो.

मग जाणकारांना तरी कळतं का? कळतं, पण नेहमी नाही. जर्मनीत ग्योटिंगेन इथे जून 2010 मध्ये सुमारे 500 किलोंचा, 65 वर्षं जुना बॉम्ब निकामी करण्याची तयारी चालू होती. त्यात वेळ लावून फुटणारी रासायनिक पेटवणी होती: ॲसिटोनची कुपी फुटायची, ॲसिटोन सेल्युलॉइडची चकती हळूहळू विरघळवायचं, चकती गेली की टोच्या सुटायचा. अशा पेटवण्या काही वेळा त्या वेळी चालल्या नाहीत, पण चकती वर्षानुवर्षं झिजतच राहिली. प्रत्यक्ष काम सुरू होण्याआधीच बॉम्ब फुटला आणि तीन निष्णात तंत्रज्ञ मेले. हे मी घाबरवायला सांगत नाही. ज्यांचा आयुष्यभराचा धंदा हाच होता त्यांनाही जे कळलं नाही ते आपल्याला माळ्यावर, मोबाइलच्या बॅटरीच्या उजेडात, इंटरनेटवरच्या चित्राशी ताडून कळेल, ही समजूत किती भाबडी आहे ते दाखवायला सांगतो. या विषयात सामान्य माणसाला एकच कौशल्य येणं शक्य आहे, आणि ते म्हणजे अंतर.

तर प्रत्यक्षात करायचं काय? वस्तू जिथे, जशी दिसली, तिथेच, तशीच सोडायची. माती झटकायची नाही, पुसायची नाही, उलटी करून बघायची नाही, जवळ जाऊन फोटो काढायचा नाही. हातात आलीच असेल तर टाकायची नाही, फेकायची नाही. आहे तिथेच अलगद खाली ठेवायची आणि आल्या वाटेने मागे फिरायचं. घरातली सगळी माणसं, म्हातारी-कोतारी धरून, बाहेर काढायची. निदान शंभर मीटर लांब, आणि मध्ये एखादी भक्कम भिंत असेल तर उत्तम. खिडकीतून बघत उभं राहायचं नाही, कारण अशा वेळी काचच पहिली सुटते. फोन लांब गेल्यावर करायचा, 112 ला. वस्तू कुठे आहे, केवढी आहे, कशी दिसते, कुणी हलवली का, हे सांगायचं. खेड्यात पोलीस पाटलांना उठवायचं. पथक येईपर्यंत त्या बाजूला कुणी फिरकणार नाही एवढं बघायचं. आणि जे अजिबात करायचं नाही ते असं: पाण्याच्या बादलीत बुडवायचं नाही, पुरायचं नाही, जाळायचं नाही, नदीत-विहिरीत टाकायचं नाही, आणि पिशवीत घालून पोलीस ठाण्यात न्यायचं नाही. हे शेवटचं तुम्हाला विनोदी वाटेल. पण जगात कुठे ना कुठे कुणीतरी प्रामाणिक नागरिक गोळा दुचाकीच्या डिकीत घालून ठाण्यात येतोच, आणि मग ठाणं रिकामं करावं लागतं!

इथे दोन आक्षेप. पहिला: घरात लहान मूल आहे, मग वस्तू हलवून सुरक्षित जागी ठेवू नये का? मूल हलवावं, वस्तू नव्हे. मूल हलवलं तर फार तर रडेल. दुसरा आक्षेप अधिक माहितगारांचा असतो. बेल्जियममधल्या ईप्रच्या परिसरात शेतकरी नांगराला लागलेले पहिल्या महायुद्धाचे गोळे उचलून रस्त्याकडेला विजेच्या खांबापाशी ठेवतात आणि लष्कराचं पथक गाडी घेऊन येऊन गोळा करून नेतं, हे चित्र पुष्कळांनी पाहिलेलं असतं. त्यांना चालतं, आपल्याला का नाही? त्याचं उत्तर त्याच मातीत आहे. 1918 नंतर, म्हणजे युद्ध संपल्यावर, एकट्या त्या परिसरात अशा गोळ्यांनी साडेतीनशेहून अधिक माणसं मारली. मार्च 2014 मध्ये, युद्ध सुरू झाल्याला शंभर वर्षं होत असताना, ईप्रमध्येच बांधकामावरचे दोन कामगार गेले. तेव्हा त्यांच्याकडून उचलायचं काही असेल तर ती गोळा उचलण्याची सवय नव्हे. उचलण्यासारखी आहे ती पुढची अर्धी गोष्ट: तिथल्या शेतकऱ्याला ठाम माहीत असतं की आपण कळवलं की गाडी येणार, आणि आपल्याला कुणी काही म्हणणार नाही.

आणि इथून मी तिसऱ्या मुद्द्यावर येतो, जिभेच्या. हा जरा विस्ताराने सांगतो, कारण माझ्या मते पहिले दोन मुद्दे याच्या पायरीवर येऊन थांबतात. समजा, आपल्या माणसाला सगळं पटलं. त्याने हात लावला नाही. आता तो फोन उचलणार का? त्याच्या डोक्यात त्या क्षणी काय चालतं ते बघा. पोलीस येणार, गल्ली रिकामी करणार, पंचनामा होणार, जबाब होणार. "हे तुमच्याकडे आलं कुठून?" आजोबा तर गेले. आता उत्तर कोण देणार? शेजारी बघणार, दुसऱ्या दिवशी पेपरात येणार. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्याला दूध-भाताबरोबर भरवलेलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग तो रात्री ती वस्तू पोत्यात घालतो. म्हणजे ज्याने पहिला नियम पाळला होता, तोच आता केवळ दुसऱ्याच्या भीतीने पहिला मोडतो. याला अज्ञान म्हणायचं का? मी नाही म्हणणार. या माणसाने हिशोब केला आहे. त्याला न दिसणारा धोका आणि दिसणारा त्रास यांत दिसणारा त्रास मोठा वाटला आहे.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. 1884 चा स्फोटक अधिनियम, 1908 चा स्फोटक पदार्थ अधिनियम, 1959 चा शस्त्र अधिनियम, हे तिन्ही कडक आहेत आणि कडकच असायला हवेत. पण 1908 च्या कायद्यात नुसत्या ताब्याबद्दल जे कलम आहे ते ज्या परिस्थितीत वाजवी संशय येतो त्या परिस्थितीबद्दल बोलतं. आपण होऊन 112 ला फोन करणं ही संशयाची परिस्थिती की संशय फिटण्याची? शस्त्र कायद्याखालच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने 'ताबा' म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, असा अर्थ लावला आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत काय आहे हे ज्याला माहीतच नव्हतं, त्याची जाणीव कुठे होती? पण हेही लक्षात घ्या की हीच तलवार उलट्या बाजूनेही चालते. ट्रंक उघडली, वस्तू ओळखली, आणि तरी गप्प बसलात, तर जाणीव त्या क्षणी सुरू होते. म्हणजे माणूस ज्या भीतीने गप्प बसतो ती भीती खरी ठरवण्याचं काम त्याचं गप्प बसणंच करतं. कायद्याच्या पुस्तकात सांगणारा सुरक्षित आहे आणि लपवणारा असुरक्षित. लोकांच्या मनात नेमकं उलटं आहे. हे उलटं सुलटं करायचं तर ते वकिलाच्या सल्ल्यावर सोडून भागणार नाही. 'जुनी लष्करी वस्तू आपण होऊन दाखवणाऱ्यावर त्या वस्तूबद्दल कारवाई नाही' हे शासनाने स्पष्ट शब्दांत, मराठीत, प्रत्येक ठाण्याच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहायला हवं.

लगेच आक्षेप येईल: असं अभय दिलंत तर गुन्हेगार, दहशतवादी याच्या आड लपतील. लपतील कसे? अभय दाखवलेल्या वस्तूला आहे, आणि ती वस्तू पथक घेऊन जाणार आहे. घातपाताचा बेत करणारा माणूस आपला दारूगोळा फोन करून सरकारजमा करत नाही; केलाच, तर उत्तमच की! दुसरा आक्षेप पोलिसांच्या बाजूने, आणि तो प्रामाणिक आहे: दहा फोन आले तर आठ वेळा जुना पंप, ट्रॅक्टरचा सुटा भाग किंवा भरीव गोळाच निघणार, आमच्या बॉम्बशोधक व नाशक पथकांनी पळायचं तरी किती? खरं आहे, त्रास होईल. पण अग्निशमन दलाला धूर दिसला म्हणून बोलावतात, आग मोजून नव्हे. इंग्लंडमधल्या प्लिमथ शहरात फेब्रुवारी 2024 मध्ये एका घराच्या मागच्या अंगणात वाढीव बांधकामाची खोदाई चालली असताना 500 किलोंचा जर्मन बॉम्ब सापडला. घरच्या माणसाने कळवलं. दहा हजारांहून अधिक लोकांना घराबाहेर काढलं, लष्कराने बॉम्ब शहरातल्या रस्त्यांवरून समुद्राकडे नेला आणि तिथे नष्ट केला. एवढ्या लोकांचे दोन-तीन दिवस मोडले, तरी कळवणाऱ्याला कुणी 'नसती उठाठेव केलीस' असं म्हटलं नाही. शहराची शिस्त आपण मोर्च्यात बघतो, मिरवणुकीत बघतो. पण असा फोन करणाऱ्याशी शहर कसं वागतं, तीही शिस्तच.

आता ज्याच्याकडे शोकेस नाही त्याच्याबद्दल. खारे कर्जुन्याच्या माळावर सरावाचा गोळीबार झाला की आजूबाजूच्या गावांतली माणसं भंगार वेचायला शिरतात. गोळ्याच्या बुडाशी तांब्याचा पट्टा असतो, त्याला भाव येतो. तो काढायला छिन्नी आणि हातोडा लागतो. न फुटलेला गोळा मांडीशी घेऊन छिन्नी लावणारा माणूस अडाणी आहे, असं म्हणून आपण मोकळे होतो. त्याच्या गावात असा स्फोट होऊन माणसं मेल्याचं त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे! लाओसमध्ये 1964 ते 1973 या काळात अमेरिकेने वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. युद्ध थांबल्यानंतर न फुटलेल्या बॉम्बांनी तिथे वीस हजारांहून अधिक लोक मारले किंवा जायबंदी केले, तरी भंगाराचा धंदा थांबला नाही. भुकेला धोका कळत नाही असं नाही, तिला पर्याय दिसत नाही. आणि भंगार गावातच थांबतं असंही नाही. 2004 मध्ये दिल्लीजवळच्या साहिबाबादला एका पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारात तोफगोळे होते. स्फोटात दहा कामगार गेले, आणि त्यानंतर भंगाराच्या आयातीवर तपासणीची बंधनं आली. म्हणजे बंदराच्या दाराशी आपण शहाणे झालो. गावच्या भंगारवाल्याच्या तराजूपाशी अजून झालो नाही.

इथे काहीजण सुचवतात, गोळा आणून देणाऱ्याला सरकारने पैसे द्यावेत. हेतू चांगला, पण परिणाम उलटा होईल, कारण मग लोक गोळे आणायला लागतील, आणि आणणं हाच तर मृत्यू. पैसे द्यायचे ते लोखंडाला नकोत, माहितीला हवेत. जागा दाखवा, हात लावू नका, तपासून खरी निघाली की बक्षीस घ्या. वस्तू हललेली दिसली तर बक्षीस नाही. त्याला जोडून सराव झाल्यावर माळ तपासून साफ करण्याचं काम नियमित आणि लोकांच्या डोळ्यांदेखत व्हावं, त्यात गावातल्या तरुणांना रीतसर प्रशिक्षण आणि मजुरी मिळावी. युद्धात मागे उरलेल्या स्फोटकांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारात, 2003 च्या पाचव्या प्रोटोकॉलमध्ये, भारत सहभागी आहे. खुणा करणं, साफ करणं, लोकांना बजावणं ही कर्तव्यं त्यात मांडलेली आहेत. तो करार सरावाच्या मैदानांसाठी नाही, हे मान्य. पण परक्या भूमीवरच्या लढाईनंतर जे करणं आपल्याला योग्य वाटतं ते नगरच्या माळावर अयोग्य कसं ठरेल?

शेवटी पुन्हा मुंबईच्या गोदीत जाऊ. त्या दिवशी स्फोटाने उडालेली सोन्याची एक वीट, साधारण बारा-तेरा किलोंची, बऱ्याच अंतरावरच्या एका पारशी गृहस्थांच्या घराचं छप्पर फोडून आत पडली. त्यांनी ती अधिकाऱ्यांच्या हवाली केली. आपण ही गोष्ट त्यांच्या प्रामाणिकपणाची म्हणून सांगतो, आणि ते होतेच प्रामाणिक. पण मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते: छप्पर फोडून आलेल्या वस्तूबद्दल कुणी त्यांना "हे तुमच्याकडे आलं कुठून?" असं दरडावून विचारणार नव्हतं. अवघ्या शहराने धमाका ऐकला होता. माळ्यावरच्या गोळ्याचा धमाका मात्र सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी, कुठल्या तरी दूरच्या देशात, आता हयात नसलेल्या माणसाने ऐकलेला असतो, म्हणून प्रश्न नातवाला विचारला जातो. स्फोटकं घेऊन बंदरात आलेल्या जहाजाने लाल बावटा लावावा असा संकेत होता. 'फोर्ट स्टिकीन'वर तो नव्हता, आणि आग बघायला गर्दी कठड्यापाशी उभी राहिली. घरात सापडलेल्या गोळ्याला बावटा नसतो. त्याच्या बाबतीत बावटा म्हणजे कळवणारा माणूस. त्याच्यावरच आपण संशयाने बोट रोखलं, तर पुढच्या वेळी तो हात वर करील कशाला? म्हणून आज घरी गेल्यावर माळ्याला शिडी लावू नका. आधी घरातल्या थोरल्यांपाशी बसा आणि विचारा, "आजोबांच्या ट्रंकेत काय आहे?" आणि त्यांनी खरं सांगितलं, तर त्यांच्यावर डोळे वटारू नका.